सोसायटीचं दप्तर घेताना फाइलचा ताळाही मागून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात सोसायट्यांबद्दल जी पत्रं येतात त्यात पार्किंग, गळती, कबुतरं आणि मेंटेनन्स न भरणारे मेंबर हेच असतं, आणि ते बरोबरच आहे, आमच्याकडेही हे चारही आहेत. माझा विषय जरा वेगळा आहे, ऐकायला कंटाळवाणा वाटेल, पण ज्या ज्या सोसायटीत बिलाचं सॉफ्टवेअर आहे त्यांच्या दारात हे कधी ना कधी येणारच, म्हणून लिहायला बसले. विषय आहे टेक्स्ट फाइल डेटाबेसमध्ये इम्पोर्ट करण्याचा, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलमधली माहिती रकान्यांच्या टेबलात ओढून घेण्याचा. हसू नका.

मी नेरुळला राहते. ४ बिल्डिंग, प्रत्येकीत १६ घरं, म्हणजे ६४ मेंबर. वाशीच्या मार्केटात एका पेढीवर अकाउंट्स लिहिण्यात माझी सगळी नोकरी गेली, रिटायर झाले तर दुसऱ्याच महिन्यात लोकांनी खजिनदार करून टाकलं, काकू तुम्हाला कॉम्प्युटर येतो ना मग झालं तर. बिलं बाहेरचा एक व्हेंडर काढायचा, त्याचं नाव कशाला घ्या. त्याने रेट वाढवला, कमिटीने नाही म्हटलं, तो म्हणाला ठीक आहे तुमचा डेटा घेऊन जा. आणि एका पेन ड्राइव्हवर ३ टेक्स्ट फाइली दिल्या, मेंबरांची यादी, ७ वर्षांची बिलं आणि खर्चाची व्हाउचरं. सोबत एक चिठ्ठीसुद्धा नाही. पावतीवर सही घेतली मात्र, डेटा मिळाला म्हणून. मी ती सही केली आणि तिथेच फसले.

मला वाटलं सोपं आहे. लेकाने अमेरिकेतून आणलेला लॅपटॉप घरात आहे, त्यात मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस हा डेटाबेसचा प्रोग्रॅम आहे, ऑफिसात थोडंफार वापरलेलंय. एक्स्टर्नल डेटा, टेक्स्ट फाइल, इम्पोर्ट, नेक्स्ट नेक्स्ट फिनिश. ५ मिनिटांत टेबल तयार. मी खुश होऊन चहा ठेवला. चहा पिता पिता टेबल उघडलं तर मेंबरांच्या नावाच्या रकान्यात डोक्यावर टोपी घातलेली इंग्रजी ए अक्षरं ओळीने उभी, आणि मध्ये मध्ये जपानी येनचं चिन्ह. आमच्या सोसायटीत एकही जपानी मेंबर नाही.

हे का होतं ते मला शेजारच्या मुलाने सांगितलं, तो ऐरोलीला आयटीत आहे. मराठी मजकूर आता युनिकोडमध्ये असतो, म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला ठरलेला नंबर, आणि फाइलमध्ये साठवताना बहुतेक वेळा यूटीएफ-८ पद्धतीने, त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटमध्ये, म्हणजे फाइलमधल्या ३ घरांत, बसतं. ॲक्सेसला आपण सांगितलं नाही तर तो त्या ३ बाइटना ३ वेगळी पाश्चात्त्य अक्षरं समजतो, म्हणून त्या टोप्या आणि येन. उपाय म्हणजे इम्पोर्टच्या खिडकीत खाली ॲडव्हान्स्ड म्हणून बटण असतं, ज्याला कोणीच हात लावत नाही, त्यात कोड पेजच्या, म्हणजे अक्षरं साठवायच्या पद्धतींच्या, यादीत जाऊन युनिकोड यूटीएफ-८ निवडायचं. झालं. नावं सुधारली.

म्हणजे सुधारली असं मला वाटलं. कारण मेंबर यादीची फाइल फिक्स्ड विड्थची होती, म्हणजे स्वल्पविराम वगैरे काही नाही, नाव इतक्या जागेत, घर नंबर इतक्या जागेत, पुढे फोन, असं मापून दिलेलं. व्हेंडरच्या प्रोग्रॅमने नावाला ३० जागा ठेवल्या होत्या. इंग्रजीत ३० अक्षरं म्हणजे पुष्कळ. पण त्याच्या प्रोग्रॅमने ३० बाइट मोजले आणि मराठी नावाला ३० बाइट म्हणजे फक्त १० चिन्हं. आता श्रीकृष्ण हे नाव घ्या. तुम्हीआम्ही म्हणू श्री, कृ, ष्ण, तीन अक्षरं. कॉम्प्युटरच्या लेखी त्यात काना मात्रा हलन्त धरून ९ चिन्हं आहेत आणि ९ त्रिक २७ बाइट. म्हणजे श्रीकृष्ण एवढंच लिहून ३० पैकी २७ संपले, मग एक स्पेस, आडनावाला उरले २ बाइट, त्यात आडनावाचं पहिलं अक्षरसुद्धा मावत नाही, ते मध्येच तुटतं आणि तिथे काळ्या चौकोनातलं प्रश्नचिन्ह येतं. आमच्या ६४ मेंबरांपैकी धड नाव एकाचंही नाही. हा माल ॲक्सेसने नाही कापला, तो कापलेलाच आला होता, म्हणून कितीही वेळा इम्पोर्ट केलं तरी परत येणार नव्हता. शेवटी नावं शेअर सर्टिफिकेटच्या रजिस्टरवरून हाताने टाइप केली. २ दुपारी गेल्या.

त्या आधी एक शॉर्टकट करून बघितला होता. आमच्या जुन्या सेक्रेटरींनी मेंबरांची यादी पूर्वी डीटीपीवाल्याकडून मराठीत टाइप करून घेतली होती, ती फाइल सापडली. उघडली तर इंग्रजी अक्षरं, चिन्हं, कंस यांची नुसती भेळ. तो जुना फॉन्ट होता, युनिकोडच्या आधीचा, ज्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे. तो फॉन्ट लावला तर डोळ्यांना मराठी दिसतं पण फाइलमध्ये मराठी नसतंच. त्याला कोड पेज बदलून उपयोग नाही, त्याचा कन्व्हर्टर लागतो आणि तो नेमका त्याच फॉन्टचा लागतो. नवी मुंबई ठाण्यात किती सोसायट्यांची, मंडळांची, वाचनालयांची दप्तरं अजून अशा फॉन्टांत पडून असतील देव जाणे. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी फॉन्टचं नाव तरी फाइलच्या नावात लिहून ठेवा.

नावांचं अजून एक. आडनाव कुऱ्हाडे असेल तर त्यातला ऱ्ह दोन प्रकारे टाइप होऊ शकतो, नुक्त्याच्या ऱ ने किंवा साध्या र ला हलन्त देऊन त्याला न दिसणारं जोडचिन्ह लावून. स्क्रीनवर दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला दोन वेगळी माणसं. एकाच मेंबरची बिलं एका कुऱ्हाडेंच्या नावावर आणि पावत्या दुसऱ्या, असं आमच्याकडे झालं आणि ते बिचारे थकबाकीदार दिसायला लागले. म्हणून जुळणी नावावरून करू नका, मेंबर नंबरावरून करा, हे मी आता सगळ्यांना सांगते.

फोनची गंमत ऐका. यादीत वरती पहिल्या बिल्डिंगचे जुने मेंबर, त्यांचे लँडलाइन नंबर, ८ आकडी. ॲक्सेस वरच्या काही ओळी बघून ठरवतो की हा रकाना कसला आहे, त्याने ठरवलं की हा पूर्णांक, लाँग इंटिजर. त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा आहे २,१४,७४,८३,६४७. आपले मोबाइल १० आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होणारे, म्हणजे भारतातला एकही मोबाइल नंबर त्या रकान्यात मावणार नाही. सगळे रिकामे आले. पण एरर दाखवून थांबला का? नाही. इम्पोर्ट झालं म्हणाला आणि बाजूला हळूच एक नवीन टेबल करून ठेवलं, फाइलच्या नावापुढे इम्पोर्ट एरर्स असं नाव, त्यात कुठली ओळ, कुठला रकाना आणि कारण टाइप कन्व्हर्जन फेल्युअर. ते टेबल उघडायची सवय लावा. मी ते ३ दिवसांनी बघितलं.

हे निदान बोलून दाखवणारं तरी होतं. तारखांचं दुखणं त्याहून वाईट कारण तिथे एरर येतच नाही. आमची बिलं दर महिन्याच्या १ तारखेची. फाइलमध्ये ०१/०४/२०१८, ०१/०५/२०१८ अशी. लॅपटॉप अमेरिकेचा, त्याच्या सेटिंगमध्ये महिना आधी आणि दिवस नंतर. त्यामुळे १ एप्रिल झाला ४ जानेवारी, १ मे झाला ५ जानेवारी, १ डिसेंबर झाला १२ जानेवारी. म्हणजे वर्षभराची १२ बिलं जानेवारीच्या पहिल्या १२ दिवसांत, ओळीने, रोज एक. संक्रांतीच्या आत सगळा मेंटेनन्स वसूल. कॉम्प्युटरच्या लेखी एकही तारीख चुकीची नाही म्हणून कुठेही लाल खूण नाही. आमच्या उपविधीत थकबाकीवर सरळव्याजाने वर्षाला २१ टक्के आहे, त्यामुळे ज्याचं डिसेंबरचं २,४०० रुपयांचं बिल राहिलंय त्याला जवळजवळ ११ महिन्यांचं फुकटचं व्याज लागलं, चारशेहून जास्त रुपये, एका बिलावर. हे जर तसंच छापून दारात टाकलं असतं तर जनरल बॉडीत माझं काय झालं असतं याची कल्पना करा. तेही त्याच ॲडव्हान्स्ड बटणात आहे, डेट ऑर्डर, तिथे डीएमवाय करायचं, म्हणजे आधी दिवस, मग महिना, मग वर्ष.

एक्सेलवाल्यांनी तर अजून सांभाळा. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने तोडलेली टेक्स्ट फाइल, डबल क्लिक केली की ती एक्सेलमध्ये उघडते आणि उघडता उघडताच बदलते. आमच्याकडे घर नंबर ३/१२ असा लिहितात, बिल्डिंग ३ घर १२. माझ्या लॅपटॉपवर ते झालं १२ मार्च. ६४ च्या ६४ घरं कॅलेंडरवर गेली. शेअर सर्टिफिकेट ००७ चं नुसतं ७ झालं. आणि बंद करताना तो सेव्ह करू का विचारतो, आपण येस म्हणतो, मग मूळ फाइलच गेली. मोठ्या मोठ्या लोकांचंही हेच होतं बरं का, माणसाच्या जीन्सना, म्हणजे जनुकांना, मार्च १, सेप्ट १ अशी छोटी नावं होती, एक्सेल त्यांच्या तारखा करायचा, शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांच्या समितीने जीन्सची नावंच बदलून टाकली. एक्सेल तेव्हा बदललं नाही, जीन्स बदलले. आपल्याला घर नंबर बदलता येत नाहीत तर फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिकने न उघडता डेटा मेनूतून फ्रॉम टेक्स्ट करून उघडा आणि तिथे रकाना टेक्स्ट आहे असं सांगा. ज्यांच्याकडे विकतचं ऑफिस नाही त्यांनी लिब्रेऑफिस घ्या, फुकट आहे, आणि सीएसव्ही उघडताना ते आधीच अक्षरांची पद्धत कुठली आणि कुठला रकाना कसला हे विचारतं. मला ते जास्त प्रामाणिक वाटतं.

आता व्हाउचरं. ही फाइल स्वल्पविरामाची, मजकूर दुहेरी अवतरणात. प्लंबरच्या व्हाउचरात २" पाइप असं लिहिलेलं, म्हणजे इंचाची खूण, म्हणजे तेच दुहेरी अवतरण. ॲक्सेसला वाटलं मजकूर इथे संपला. त्या ओळी फुटल्या, काही आल्याच नाहीत, एरर टेबलात अनपार्सेबल रेकॉर्ड, म्हणजे ओळ वाचताच आली नाही. २००५ सालापासून आरएफसी ४१८० म्हणून सीएसव्हीची पद्धत लिहून ठेवलेली आहे, त्यात मजकुराच्या आत अवतरण आलं तर ते दोनदा लिहायचं असं स्पष्ट आहे, पण व्हेंडरच्या प्रोग्रॅमला त्याचं काय. शेजारचा मुलगा म्हणाला काकू यापेक्षा पाइपने फाइल मागायची होती. मी म्हटलं अरे त्या पाइपनेच तर घोळ झालाय. तो पाइप म्हणजे कीबोर्डवरची उभी रेघ, जी कोणी बोलताना लिहिताना वापरत नाही म्हणून रकाने वेगळे करायला बरी.

रकमांमध्ये आपले स्वल्पविराम, १,२५,००० असे, अवतरणाशिवाय. एका रकमेचे ३ रकाने. ते हाताने जोडले. मग रक्कम टेक्स्टमध्ये होती तिचा आकडा करायला इंटरनेटवर बघून व्हॅल नावाचं फंक्शन लावलं. ते डावीकडून वाचत जातं आणि आकडा नसलेलं पहिलं चिन्ह आलं की थांबतं. १,२५० चा झाला १. आमची एकूण थकबाकी आली २,९०५ रुपये. ऑडिट झालेल्या बॅलन्सशीटवर ४,८७,३१० आहे. माझ्या यजमानांनी सुचवलं की हाच आकडा नोटीस बोर्डावर लाव, निदान एक दिवस सगळे खुश राहतील. व्हॅल काढून सीकर हे फंक्शन लावलं, त्याला स्वल्पविराम कळतो, तेव्हा आकडे जागेवर आले.

एवढ्या मारामारीतून मी जे शिकले ते इतकंच की पहिल्या झटक्यात काहीच ठरवायचं नाही. फाइल आधी एका कच्च्या टेबलात घ्यायची, सगळेच्या सगळे रकाने टेक्स्ट, तारीख टेक्स्ट, रक्कम टेक्स्ट, फोन टेक्स्ट. मग तांदूळ निवडतो तसं ताटात पसरून बघायचं आणि निवडलेलंच पक्क्या टेबलात टाकायचं, अपेंड क्वेरीने, म्हणजे एका टेबलातल्या ओळी दुसऱ्यात भरणाऱ्या आज्ञेने. आणि इम्पोर्टच्या सेटिंगा ॲडव्हान्स्डमध्ये सेव्ह ॲज करून नावाने ठेवता येतात, म्हणजे पुढच्या वेळी परत तीच कसरत नको. मूळ फाइलची एक कॉपी वेगळी ठेवायची जिला हात लावायचा नाही.

पण मला खरी तक्रार करायची आहे ती वेगळी. नवीन कमिटी येते तेव्हा जुनी कमिटी चार्ज देते, यादी असते, अमुक रजिस्टर इतक्या पानांचं, चेकबुक अमुक नंबरपासून, किल्ल्या ७. कपाटाची किल्लीसुद्धा मोजून घेतो आपण. आणि ७ वर्षांचे हिशेब पेन ड्राइव्हवर येतात तेव्हा कोणीच काही मोजत नाही. शाळेत गणित सोडवल्यावर ताळा करायला लावायचे, तो ताळा इथे कुठे आहे? माझं म्हणणं एवढंच की व्हेंडर असो, बँक असो, कोणीही असो, जो टेक्स्ट फाइल देईल त्याने सोबत अर्धं पान लिहून द्यावं, की ही फाइल यूटीएफ-८ आहे की आणखी काही, रकाने कशाने तोडलेत, फिक्स्ड असेल तर मोजमाप बाइटमध्ये की अक्षरांत, तारखेत दिवस आधी की महिना, ओळी किती आणि रकमेच्या रकान्याची बेरीज किती. शेवटचे दोन सगळ्यात महत्त्वाचे. आमची बिलं ६४ गुणिले ८४ महिने म्हणजे ५,३७६ ओळी असायला हव्यात हे मी स्वतः गुणाकार करून काढलं, म्हणून मला कळलं की पहिल्या इम्पोर्टला जास्त ओळी का आल्यात, तर प्रत्येक ६६ ओळींनंतर पानाचं शीर्षक आणि पान नंबर घुसलेला. डॉट मॅट्रिक्सच्या ११ इंची कागदावर ६६ ओळी बसतात ना, तो प्रोग्रॅम अजून त्याच कागदावर जगतोय. हा आकडा माहीत नसता तर पान नंबर ३७ हा आमचा मेंबर झाला असता.

आणि ओळी मोजायचं काम क्षुल्लक समजू नका. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटनमध्ये कोविडच्या १५,८४१ केसेस सरकारी आकड्यांत यायच्या राहिल्या, कारण लॅबकडून आलेल्या टेक्स्ट फाइली जुन्या प्रकारच्या एक्सेलमध्ये घेत होते आणि त्या शीटमध्ये ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. पहिल्या तेवढ्या आल्या, त्याखालच्या गळाल्या. तिथेही जेवढ्या ओळी निघाल्या तेवढ्या पोचल्या का हे लगेच लक्षात आलं नाही. आपण तर नेरुळचे.

व्हेंडरला मी फोन केला, त्या अर्ध्या पानासाठी. तो म्हणाला मॅडम फाइल दिली ना, आता ओपन करणं तुमच्याकडून. म्हटलं ओपन झाली रे, बरोबर आहे की नाही ते विचारतेय. तो म्हणाला बरोबरच असणार, कॉम्प्युटरमधूनच काढलीय.

जुईनगरच्या माझ्या मैत्रिणीच्या सोसायटीतही तोच व्हेंडर आहे आणि त्यांचंही कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय. तिला मी माझं अर्धं पान झेरॉक्स करून दिलंय, पेन ड्राइव्ह घ्यायच्या आधी त्यावर त्याच्याकडून भरून घे म्हटलं, सही नंतर. ज्यांना हवं असेल त्यांनी वरचे मुद्दे तसेच उतरवून घ्यावेत.

आमचं अजून पूर्ण झालेलं नाही. नावं झाली, तारखा झाल्या, ओळी ५,३७६ बरोब्बर आहेत, थकबाकीची बेरीज ४,८७,२७० येते. ऑडिटपेक्षा ४० रुपये कमी. कमिटीतले म्हणतात काकू सोडा हो ४० रुपयांचं, मी खिशातून देतो. तो प्रश्न नाहीये, ते ४० कुठल्यातरी एका ओळीत बसलेत आणि ती ओळ मला अजून दिसलेली नाही. रविवारी दुपारी परत बसणार आहे.

आपली,
एक खजिनदार
नेरुळ, नवी मुंबई